बाईंनी वाटलेली सौभाग्यवेल

आमच्या घरमालकीणबाईंनी जन्मात एक रोप विकत घेतलं नाही. सगळी चोरून आणली. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, असं त्यांचं ठाम म्हणणं. पर्समध्ये अर्धं ब्लेड आणि ओला रुमाल कायम असायचा. परभणीत रिक्षातून जाताना कुणाच्या भिंतीवरून एखादी फांदी बाहेर डोकावलेली दिसली की ओरडायच्या, "थांब रे बाबा, चप्पल पडली माझी!" रिक्षावाल्याला दोन्ही चपला पायातच दिसायच्या, पण तो थांबायचा. बाईंचा आवाज तसा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी केलेल्या बाईचा आवाज.

एकदा पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो. रांगेत मी पुढं, बाई मागं. वळून बघते तर बाई नाहीत. देवळामागून आल्या तेव्हा पदराखाली चाफ्याची फांदी. मी म्हटलं, "बाई, देवाच्या दारात चोरी?"

"त्याला काय कमी हाय?" म्हणाल्या, "आन् त्यानं बघितलंय. न्हाई म्हटला न्हाई."

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. आमची पोरापोरींची छोटी संघटना आहे. ओढे, गायरानं, गावतळी यांवर काम करतो. पत्रकं मी लिहिते. म्हणून बाई मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. "ए पत्रकवाली!" एवढंच.

निवृत्त झाल्या तरी त्यांची हजेरी घ्यायची सवय सुटली नव्हती. सकाळी चहाचा कप घेऊन कुंड्यांपुढून फिरायच्या. "मोगरा? हजर. कोरफड? हजर. शेवंती?" शेवंतीनं मान टाकलेली असली की थांबायच्या. "शेवंती गैरहजर. पालकांना बोलवा." पालक म्हणजे मी. शेवंतीला पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं.

फाटकावरच्या वेलीला मात्र हजेरी नव्हती. ती मॉनिटर होती. खोड मनगटाएवढं, पानं जाड आणि तेल लावल्यासारखी चकचकीत, फुलं भोंग्यासारखी, जांभळट पांढरी. सबंध फाटक तिनं गिळलं होतं. पोस्टमन पत्रं टाकायला पेटी शोधत बसायचा. भाडेकरूसाठी बाईंची एकच सक्त अट होती: आंघोळीचं पाणी गटारीत जाता कामा नये, नळी लावून त्या वेलीच्या बुडाशी गेलं पाहिजे. "तुझ्या आंघोळीवर जगती ती. सुट्टीच्या दिवशी बिनआंघोळीची लोळू नकोस."

त्याच वेलीखाली खुर्ची टाकून मी गाजरगवतावरचं पत्रक लिहिलं. वेड्या बाभळीवरचंही तिथंच लिहिलं. "बाहेरून आलेल्या वनस्पती ओळखा, उपटा, जाळा!" हा मथळाही तिथलाच. बाईंनी लाल पेननं तपासून दिलं. खाली शेरा: "दहापैकी सहा. राग जास्त, माहिती कमी." मला त्या शेऱ्याचा भयंकर राग आला होता. माहिती किती कमी होती ते पुढं कळलं. डोक्यावर लोंबत होती आणि मी खाली बसून लिहीत होते.

बाईंचं घर परभणीत, पण त्यांचं गाव म्हणजे झरी. माहेर नव्हे, सासर नव्हे. नोकरीचं गाव. रोज एसटीनं जाऊन-येऊन त्यांनी झरीची दोन पिढ्यांची पोरं शिकवली. बस स्टँडवर उतरल्या की पानटपरीवरचे बाप्ये हातातली विडी मागं लपवायचे. पन्नाशीचे, मिशा पिकलेले बाप्ये! बाईंना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवायच्या नाहीत. "परभणीत मला कुत्रं ओळखत न्हाई," म्हणायच्या, "झरीत माझ्यासमोर कुत्रंसुदीक भुंकत न्हाई."

आणि झरीत त्यांची संक्रांत असायची. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण देतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी वाट्या, कुणी चाळण्या, कुणी प्लॅस्टिकचे डबे. आमच्या बाई शाळेच्या ओसरीवर करवंट्या मांडून बसायच्या. प्रत्येक करवंटीत एक रोप. फाटकावरच्या वेलीचं. वर्षानुवर्षं. झरीतल्या किती दारांना, किती परसांना आणि किती गोठ्यांना बाईंची वेल चढली याचा हिशेब कुणाकडं नव्हता.

मी राहायला आले त्याच वर्षी त्यांचे मालक गेले. शांत माणूस. कचेरीत कारकून होते, बाईंनी चोरलेल्या फांद्या निमूटपणे मातीत खोचायचं काम त्यांचं. ते गेल्यावर पहिली संक्रांत आली. बाईंनी दुपारीच फाटकाला आतून कडी लावली आणि झोपून गेल्या. संध्याकाळी उठल्या आणि मला विचारलं, "कुणी आलतं का गं?"

कुणी आलं नव्हतं. झरीहूनही नाही आणि शेजारूनही नाही. चाळणी वाटणाऱ्या बाईला नवरा असला म्हणजे ती शुभ, आणि आयुष्यभर अख्खं गाव शिकवलेली बाई नवरा गेला की दाराबाहेर! मी तिथल्या तिथं पत्रक लिहायला घेतलं. बाई म्हणाल्या, "ठेव ते पेन. पोळ्या लाट." पोळ्या गुळाच्या होत्या. दोघींनीच खाल्ल्या.

आता ती वेल.

त्याच्या पुढच्या थंडीत झरीच्या ओढ्यावर आमचं काम चालू होतं. ओढ्याकाठी शेळ्या-मेंढ्या चारणारी चंद्रकला भेटली. तिचं घरच त्या जनावरांवर चालतं. तिच्या दोन शेळ्या मेल्या होत्या. तिनं मला हाताला धरून ती जागा दाखवली.

"ताई, काय चावलं न्हाई, काय लागलं न्हाई. वरडलीसुदीक न्हाई. इथनं वर चढायली, चढता चढता बसली ती बसलीच. दुसरी तिच्या मागनं. मी म्हटलं कुणी करणी केली का काय."

मी वर बघितलं. बोरीची झुडपं, निरगुडी, करंज काहीच दिसत नव्हतं. सगळ्यावर एकच हिरवी चादर. जाड, चकचकीत पानं. जांभळट पांढरे भोंगे. आणि शिंगांच्या जोडीसारख्या हिरव्या शेंगा, शेकड्यांनी. खालच्या फांद्या शेळ्यांनी ओरबाडलेल्या, त्यातून पांढरा चीक गळून वाळलेला.

माझं रोजचं आंघोळीचं पाणी जिला जात होतं तीच ही वेल.

फांदी घेऊन मी कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मैत्रिणीकडं गेले. तिनं पान मोडलं, चीक बघितला आणि आधी मला हात धुवायला पाठवलं. "ही आपल्याकडची नाही," म्हणाली. "मादागास्करची. पूर्वी कधीतरी रबरासाठी लोकांनी देशोदेशी नेऊन लावली. चीक विषारी. जनावरानं खाऊन पळापळ केली की हृदयच थांबतं. कुठं सापडली तुला?"

माझ्या तोंडातून "दारात" एवढाच शब्द निघाला.

घरी येऊन बाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या भांडतील, विद्यापीठाला काय कळतंय म्हणतील. त्या खाली बसल्या. फाटकाकडं बघत राहिल्या. मग विचारलं, "शेंगा फुटल्यात का तिथल्या?"

"नाही. हिरव्या आहेत अजून."

"उन्हं तापली की फुटतील. आतनं कापूस उडतो. लांब लांब जातो." जरा थांबून म्हणाल्या, "दरसाल बघायची मी. लय कौतुक वाटायचं."

लगेच आत जाऊन करवत आणली. मी म्हटलं, मी कापते. नाही म्हणाल्या. डोक्याला फडकं, हाताला पिशव्या बांधून स्वतः कापली. मनगटाएवढ्या खोडातून पांढरा चीक ओघळत होता आणि बाई दात-ओठ खाऊन करवत ओढत होत्या. फाटक मोकळं झालं तेव्हा रस्त्यावरून जाणारी शेजारीण म्हणाली, "अगंबाई, तुमच्या घराला फाटक हाय व्हय!" बाई हसल्या नाहीत.

पण एका फाटकानं काय होणार होतं? ओढा आमच्या पोरांनी साफ केला असता. झरीतल्या दारांवरच्या वेलींचं काय? तिथला कापूस पुन्हा ओढ्यातच येणार. मी पत्रक काढलं. या वेळी माहिती पूर्ण घातली. झरीत घरोघर फिरले.

एकीनंही वेल उपटली नाही.

"बाईंनी दिलेलं वाण हाय ते. वाण उपटत्यात का कुठं?"

"अगं सौभाग्यवेल हाय ती. तुझं लगीन न्हाई झालं, तुला काय कळायलंय?"

"चंद्रकलाच्या शेळीपायी मी माझा मालक धोक्यात घालू?"

एका म्हातारीनं तर पत्रकावर तिळाचे लाडू ठेवून पत्रक मलाच परत दिलं. एक तरुण सून फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला पटलंय. पन सासू हाय घरात."

मी संतापून परत आले. "बाई, सौभाग्यवेल हे नाव कुणी ठेवलं?"

"मीच."

"तुम्ही?"

"पहिल्या साली कुणी घेईना. बाकीच्या बाया स्टीलच्या वाट्या द्यायच्या आन् मी करवंटीत चिखल. 'बाई, कशाची वेल हाय?' चोरलेल्या झाडाचं नाव कुणाला विचारणार? म्हटलं, सौभाग्यवेल. दारात असली की मालकाला आयुष्य. हातोहात गेली."

"तुम्ही शिक्षिका होतात, बाई!"

"म्हणून तर खरं वाटलं त्यांना."

लहानपणापासून मी ज्याच्याविरुद्ध ओरडत आले ते सगळं या बाईनं हसत हसत करवंटीत घालून वाटलं होतं. त्या मात्र उठून कापलेल्या खोडाचा एक तुकडा पिशवीत घालत होत्या. "उद्या झरीला जाऊ. हळदीकुंकू चालू हाय अजून."

"बाई, तुम्हाला कुणी बोलावलं नाही."

"मला ठाऊक हाय ते."

झरीतल्या एका मोठ्या घरी त्या दिवशी हळदीकुंकू होतं. ओसरीवर सतरंजी, तीस-चाळीस बायका, जरीच्या साड्या, मोठ्यानं गाणी लावलेली. बाई फाटकातून आत आल्या आणि बोलणं तुटत गेलं. एकीनं मांडीवरचा पदर आवरून घेतला. एकीनं कुंकवाच्या करंड्यावर झाकण ठेवलं. होय, झाकण! जणू बाई कुंकू पळवायला आल्या होत्या. यातल्या अर्ध्या बायकांना बाईंनी हात धरून पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

घरची मालकीण उठली. "बाई, तुमी... आत चला की. चहा टाकायला सांगते सुनीताला." आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथं तिची विधवा सून सुनीता लाडू वळत होती. दाराच्या फटीतून तिचा नुसता हात दिसत होता.

बाई हलल्या नाहीत. पिशवीतून खोड काढलं आणि सतरंजीच्या मधोमध, वाणाच्या डब्यांशेजारी ठेवलं.

"गाणी बंद करा," म्हणाल्या. कुणीतरी पटकन बंद केली.

"ही माझ्या दारातली. बघा किती जाड झालती. तुमच्या सगळ्यांच्या वेलींची ही आई. सौभाग्यवेल म्हणून मी वाटली." मग त्यांनी कपाळावरचा पदर मागं केला. मोकळं कपाळ सगळ्यांसमोर धरलं. "आता माझ्याकडं बघा. सगळ्यात जाड वेल माझ्या दारात होती. माझे मालक राहिले का?"

एक लहान पोर रडायला लागलं तेवढाच आवाज. मला वाटलं होतं बाई चीक, विष, शेळ्या समजावून सांगतील. त्या तर आपलं मोकळं कपाळच पुरावा म्हणून मांडत होत्या.

"नाव मी उलटं ठेवलं. ठेवायची असली तर ठेवा," म्हणाल्या आणि वळल्या.

पुढचं सांगायला नको. हळदीकुंकू अर्ध्यावर राहिलं. बायका चपला शोधत पळाल्या. गल्लीगल्लीतून कुदळींचे आवाज. शेतातून नवरे बोलावून आणले. एक जण टिकाव खांद्यावर टाकून चालला होता, मित्रानं विचारलं, "काय रे, अवेळी?" तो म्हणाला, "बायकोनं सांगितलंय, आजच्या आज उपट. मला जगायचंय बाबा." आमच्या पोरांनी शेंगा पोत्यात भरल्या. चंद्रकला सगळ्यात पुढं, कोयता घेऊन. अंधार पडायच्या आत झरीत एकही वेल उभी राहिली नाही.

परतीच्या बसमध्ये मी बाईंशी कडाडून भांडले. "बाई, हे काय केलंत? एक अंधश्रद्धा मारायला दुसरी जन्माला घातलीत! आणि तीही विधवांच्या नावानं!"

"शेंगा पोत्यात आल्या का न्हाई?"

"आल्या. पण कारण खोटं होतं!"

"शेळीला कारण सांगायला जातीस का तू?" म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. अजूनही वाटतं, माझ्या बरोबर असण्यानं चंद्रकलाची एकही शेळी वाचली नसती. ही दोन वाक्यं एका पत्रकात कशी बसवायची ते मला आजवर जमलेलं नाही.

त्यानंतर झरी बाईंची राहिली नाही. पुढच्या वेळी आम्ही स्टँडवर उतरलो तेव्हा पानटपरीवरच्यांनी विडी लपवली नाही. पाठ फिरवली. नवरा खाणारी वेल बाईंनी गावभर वाटली, असं बोललं जायला लागलं. ज्या घरांत कुणी गेलं होतं, त्या सगळ्या घरांना आता एक कारण मिळालं होतं. बाईंच्या हातची चॉकलेटं पोरांकडून आया काढून घ्यायच्या. मी चवताळून म्हणायचे, "जाऊन खरं सांगू या." बाई म्हणायच्या, "खरं सांगितलं की पुन्हा लावतील." आणि झरीला जायचं त्यांनी बंद केलं. चंद्रकला तेवढी बाजाराच्या दिवशी शेळीचं दूध घेऊन यायची.

मग एका दुपारी सुनीता आली. लाडू वळणारा तो हात हिचाच. एकटी, एसटीनं, घरी न सांगता. चौथीपर्यंत बाईंच्या वर्गात होती. फाटकाशीच उभी राहिली.

"बाई, त्या दिवशी तुमी बोलल्या ते मी आतनं ऐकलं. खरं हाय का ते? आमचे हे... वेलीनं गेले का?"

तिचा नवरा मोटारसायकलवरून हमरस्त्यावर ट्रकखाली गेला होता. दोन-तीन वर्षं झाली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी पुढं होऊन म्हटलं, "नाही गं, असं काही नसतं..."

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सासूबाई म्हणत्यात, माझ्या पायानं गेले. पावण्यांचे लाडू माझ्याकडनं वळून घेत्यात, पन स्वतः माझ्या हातचं पानी पीत न्हाईत. वेलीचं कळल्यावर वाटलं, आता तरी सुटका होईल. तर म्हणत्यात, वेल तर सगळ्यांच्याच दारात होती, मग माझाच तरणा पोरगा कसा गेला? बाई, तुमी एकदा येऊन सांगा. वेलीनंच गेला म्हणून सांगा. तुमचं ऐकतील."

बाईंनी चपला घातल्या. "चल."

"बाई!" मी ओरडलेच. "खोटं आहे हे. आणि सगळा आळ तुमच्यावर येईल. तोंडावर सांगायला जाताय तुम्ही!"

"मग तू तुझं खरं सांग तिच्या सासूला. मी इथं बसते."

मी चपला घातल्या. त्या दोघींच्या मागं गेले.

त्याच ओसरीवर सासू गहू निवडत बसली होती. बाईंना बघून उठली नाही. शेजारपाजारच्या बायका भिंतीवरून डोकवायला लागल्या. बाई अंगणात उभ्या राहिल्या आणि वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं.

"बाकीच्यांना मी बियांची रोपं दिलती. तुमी गावातलं मोठं घर, म्हणून तुमाला माझ्या दारातल्या वेलीची फांदीच दिलती, कलम करून. जी वेल माझा मालक घेऊन गेली तीच तुमच्या दारात लावली. म्हणून तुमचाच पोरगा गेला. सुनीताच्या पायानं न्हाई. माझ्या हातानं गेला."

एवढं बिनचूक खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही. बी आणि कलमातला फरक बाई इतकी वर्षं पोरांना शिकवत होत्या.

सासू ताडकन उठली. मग फुटला तो शिव्यांचा लोंढाच. बाईंच्या सात पिढ्या उद्धरल्या. सूप फेकलं, ते बाईंच्या खांद्याला लागलं, अंगणभर गहू उडाले. मी पुढं सरकले तर बाईंनी हात आडवा धरला. भिंतीवरच्या बायकांपैकी एकीनंही "पुरे" म्हटलं नाही. बाई मान खाली न घालता उभ्या होत्या, पार शेवटची शिवी संपेपर्यंत.

म्हातारी ओसरीवर बसली. छाती खालीवर होत होती. घसा कोरडा पडला होता तिचा. कुणाकडंच न बघता ती बोलली.

"सुने, पानी आन गं."

सुनीतानं पदर खोचला. मग पळत आत गेली. आतून माठावरचं झाकण पडल्याचा आवाज आला.

बाईंनी पदरानं खांदा झटकला, म्हणाल्या, "चल, बस जाईल," आणि फाटकाकडं चालू लागल्या.